सगळ्यांनी एकाच सेकंदाला पोचायचं

मघाशी 'अंतराळातले सामूहिक हल्ले' असा विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्यांना विचारलं, "हे इस्रोचे का हो?" आजोबा, मी इस्रोचा नाही. मी कोथरूडला राहतो, हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहितो आणि ऐन पंचविशीतली काही वर्षं मी 'ओगेम' नावाच्या खेळात घालवली आहेत.

२००२ साली जर्मनीत सुरू झालेला हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो. यात जहाज उडताना दिसत नाही की स्फोट दिसत नाही. दिसतात ते तक्ते. आकाशगंगा, सूर्यमाला आणि ग्रह असा तीन आकड्यांचा पत्ता, किती जहाजं निघाली त्याचा आकडा आणि उलटं मोजत जाणारं घड्याळ. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा बँकेचं स्टेटमेंट तपासतोय. माझ्या आईला बरेच दिवस तसंच वाटत होतं आणि मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

आता, हल्ला करायला चारपाच जण कशाला लागतात? एकट्याने जास्त जहाजं बांधावीत की! इथे खेळाचे दोन नियम आडवे येतात. पहिला असा, की लढाई फक्त सहा फेऱ्यांची असते. सहा फेऱ्यांत समोरचा संपला नाही तर बरोबरी, आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत. दुसरा नियम मला फार आवडतो. तुमच्या तोफेचा मारा समोरच्याच्या ढालीच्या एक टक्क्याहून कमी असेल, तर तो नुसता आपटून परत येतो. सगळ्यात हलक्या लढाऊ जहाजाचा मारा ५०, आणि 'डेथस्टार' नावाच्या अजस्र जहाजाची ढाल ५०,००० ची. तिचा एक टक्का म्हणजे ५००. म्हणजे हलकी जहाजं लाखभर आणलीत तरी त्या ढालीवर ओरखडा उठत नाही. तेव्हा नुसती गर्दी उपयोगाची नाही. जड मारा हवा, आणि तो सहा फेऱ्यांच्या आत, एकाच वेळी पडायला हवा. एका माणसाकडे तेवढा नसतो, म्हणून मंडळी जमवायची.

मंडळी जमवल्यावर काय होतं ते सांगतो. आम्ही चौघे होतो. सर्व्हर जर्मन वेळेवर चालायचा आणि आमच्या शिकारीचा मालकही तिकडचाच. हे आमच्या फायद्याचं होतं. जर्मनीत पहाटेचे चार वाजलेले असतात तेव्हा पुण्यात आपण पोहे खात असतो. तिकडचा माणूस गाढ झोपेत, आपण आंघोळ करून ताजेतवाने. युरोपातल्या अलायन्सना, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्यांना, भारतातला गडी हवाहवासा वाटायचा तो याच कारणाने, आमच्या कर्तबगारीमुळे नव्हे.

सर्व्हरच्या घड्याळात ३ वाजून ४० मिनिटांनी मी निघायचं आणि बाकीच्यांनी मला येऊन मिळायचं, असं ठरलं. रविवार होता, ऑक्टोबरमधला शेवटचा. त्या रात्री युरोपात घड्याळं एक तास मागे घेतात, हे आमच्यातल्या एकाला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्या पहाटेपासून ते साडेचार झालं. आमची बॅटलशिपं, म्हणजे जड माऱ्याची जहाजं, याच गड्याकडे होती. तो सात दहाला उठून बसला. पाहतो तो कुणीच निघालेलं नाही. पंधरा मिनिटं वाट पाहिली, बेत रद्द झाला असं समजला आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला. रविवारी कसली कंपनी, असं विचाराल. पिंपरी-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. फोन? बसच्या आवाजात ऐकू आला नाही म्हणे.

मी आठ दहाला निघालो. तो येईल, येईल, असं मानत आम्ही तिघे पुढे गेलो. ताफा परत बोलवता येतो, मी बोलवला नाही. तो हट्ट माझा होता. सहा फेऱ्या झाल्या, बरोबरी. उरलेली जहाजं माघारी आली, आणि फुटलेल्या जहाजांचं भंगार त्या जर्मन गृहस्थाच्या दारातच पडलं होतं. ते त्याने उठल्यावर निवांत गोळा केलं असणार.

आता जुळणी कशी होते ते बघू. एकजण हल्ला सोडतो, त्याचा 'युनियन', म्हणजे सामूहिक हल्ला, करतो आणि बाकीच्यांना निमंत्रण देतो. पाच खेळाडू आणि सोळा ताफे ही मर्यादा. ताफ्याचा वेग त्यातल्या सगळ्यात हळू जहाजाइतका. शिवाय प्रत्येकाचा ग्रह वेगळ्या ठिकाणी, म्हणजे कुणाला वीस मिनिटं लागतात, कुणाला दोन तास. जो लवकर पोचला असता त्याला खेळ आपोआप मागे धरतो. जो हळू आहे, तो सगळ्यांना उशीर करवतो, पण उरलेल्या प्रवासाच्या तीस टक्क्यांपर्यंतच. म्हणजे तासाभराचा प्रवास उरला असेल तर अठरा मिनिटं. त्याहून हळू असाल तर दार बंद. म्हणून जाणता माणूस आधी पोचण्याचा सेकंद ठरवतो, तिथून उलटं मोजत येतो आणि सगळ्यात संथ ताफ्याला पहिल्यांदा बाहेर काढतो. वेगवान माणसाने मात्र स्वस्थ बसायचं. तरुण पोरांना हे स्वस्थ बसणं जमता जमत नाही.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली असेल तुमच्यापैकी काहींनी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसएक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारी एकच रेडिओ लहर एका तबकडीवर आधी पडते, दुसरीवर नंतर. फरक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी, पण तोही चालत नाही. आधी आलेला संदेश मुद्दाम अडवून धरतात, उशिराचा आला की मग दोन्ही एकत्र जुळवतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, अरे, हे तर आमचंच! शास्त्रज्ञांनी माफ करावं.

सगळ्यात नाजूक भाग शेवटच्या मिनिटाचा. समोरचाही झोपलेला असतोच असं नाही. आपले दोस्त बोलावून तो हल्ल्याच्या पाच-सात सेकंद आधी त्यांचे ताफे आपल्या ग्रहावर उतरवतो. खेळाडू याला 'निंजा' म्हणतात. म्हणून आमच्यातला एकजण कसलीही जहाजं न पाठवता फक्त पाळतीवर असायचा. तो शेवटपर्यंत प्रोब, म्हणजे छोटी हेरयानं, पाठवत राहायचा. आपल्या चंद्रावर 'फॅलॅन्क्स' नावाचं टेहळणी यंत्र असेल तर त्या ग्रहाकडे येणारे ताफेही दिसतात. एका वेळेला ५,००० ड्यूटेरियम, म्हणजे खेळातलं इंधन, मोजावं लागतं, पण ते वसूल होतं. काही वेगळं दिसलं की तो ओरडायचा, "फिरा!" त्यावर वाद नाही, लगेच फिरायचं. पुण्यात हल्ल्यावर बोलायचं आणि लाल महाल काढायचा नाही हे कठीण, म्हणून एवढंच म्हणतो: एप्रिल १६६३ च्या त्या रात्री आत शिरण्याबरोबर सुखरूप बाहेर पडणंही होतं, आणि आपण गोष्ट सांगताना ते बोटांपाशीच संपवतो.

'ईव्ह ऑनलाइन'बद्दल थोडक्यात, कारण तो मी फार खेळलेलो नाही. आइसलंडच्या कंपनीचा खेळ. तिथे ताफ्यात शेकडो माणसं असतात, कानाला हेडफोन, आणि बोलायचं एकट्या सेनापतीने. तो एका जहाजाचं नाव घेतो, सगळे त्याच्यावरच मारा करतात. २७ जानेवारी २०१४ ला तिथे एकवीस तासांची लढाई झाली, साडेसात हजारांवर खेळाडू उतरले आणि 'टायटन' जातीची ७५ जहाजं बुडाली. ठिणगी कशाची, तर एका प्रदेशाचं ठरलेलं बिल भरलं गेलं नाही. गर्दीने सर्व्हर कोलमडू नये म्हणून खेळातला काळच दहा टक्के वेगावर येतो, म्हणजे एका सेकंदाचे दहा होतात. लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न आला आहे, लूट कशी वाटायची? फुटलेल्या जहाजांतल्या धातू आणि क्रिस्टलचा साधारण तीस टक्के भाग भंगार म्हणून तिथेच तरंगत राहतो, आणि ज्याचे रिसायकलर, म्हणजे भंगार उचलणारी जहाजं, आधी पोचतील त्याचा होतो. म्हणजे गोळा एकजण करणार आणि मग तो प्रामाणिकपणे वाटणार, या भरवशावर सगळं. आमचा रिवाज असा, की आधी प्रत्येकाचं नुकसान आणि इंधन भरून द्यायचं, उरेल त्याचे सारखे वाटे. पुढच्या एका हल्ल्यात पाळतीवरच्या गड्यालाही मी सारखाच वाटा दिला. त्याची एक प्रोब सोडली तर काही फुटलं नव्हतं, पण रात्रभर जागा तोच होता. त्या हल्ल्यात माझा मावसभावही होता, त्याला ते अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, जहाजं माझी फुटली, त्याची झोप गेली तर दुपारी झोपावं. परवा त्याच्या मुलीच्या बारशाला भेटलो. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाला, "क्रिस्टल कधी देतोयस?"