खरी टिकटिक, खोटी टिकटिक

इंदूरच्या राजेंद्रनगरातील या खोलीत टेबलावर दिसणारा हिरवा बोर्ड, म्हणजे गायगर काउंटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचा सर्किट बोर्ड, मी आखलेला तिसरा बोर्ड आहे. पहिले दोनही किरणोत्सार मोजत होते, परंतु त्यांच्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नव्हता.

बोर्डाच्या कडेची पोलादी नळी एसबीएम-20 या सोव्हिएत बनावटीची आहे. गायगर आणि म्युलर यांनी 1928 मध्ये मांडलेल्या रचनेप्रमाणेच ती चालते: बीटा कण किंवा गॅमा किरण आत शिरला की वायूचे मोजके अणू आयनित होतात, 400 व्होल्टच्या ताणाखाली त्यांतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची क्षणार्धात लाट उसळते आणि एक विद्युत्स्पंद बाहेर पडतो. हे 400 व्होल्ट 9 व्होल्टच्या बॅटरीपासून 555 टायमर (ठरावीक गतीने स्पंद देणारी चिप), मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि कॉइल यांच्या साहाय्याने तयार होतात. माझी पहिली चूक तिथेच झाली.

मल्टिमीटरने 250 व्होल्ट दाखवले, म्हणून प्रीसेट (व्होल्टेज कमीजास्त करणारा छोटा बदलता रोध) फिरवून मी आकडा 400 वर आणला. मीटर काढताच नळी अखंड कडकडू लागली. मल्टिमीटरचा आंतरिक रोध 10 मेगाओहम असतो, म्हणजे 400 व्होल्टला तो 40 मायक्रोअँपिअर प्रवाह ओढतो, आणि एवढा भार या इवल्या स्रोताला पेलत नसल्यामुळे मीटर लावताच व्होल्टेज खाली येते व काढताच पुष्कळ वर चढते. या नळीचा कार्यपट्टा साधारण 350 ते 475 व्होल्टचा आहे. त्यापलीकडे तिचे आयुष्य झपाट्याने घटते. अखेर 100 मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून त्यांच्यामार्फत मीटर लावला, तेव्हा मीटरवर व्होल्टेजचा सुमारे शंभरावा भाग आला आणि खरा आकडा प्रथमच कळला.

दुसरा दोष पावसाळ्यात उघड झाला. जुलैतील एका संध्याकाळी सरी कोसळल्यावर मोजणी जवळजवळ दुप्पट झाली. पावसाबरोबर रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून निर्माण झालेली द्रव्ये जमिनीवर उतरतात हे ठाऊक असल्याने मला आनंद झाला; परंतु त्यांतील शिसे-214 चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ) सुमारे 27 मिनिटे आणि बिस्मथ-214 चे 20 मिनिटे असल्यामुळे पाऊस थांबल्यावर ती वाढ काही तासांत ओसरायला हवी होती. मोजणी रात्रभर चढीच राहिली. सकाळी मी बॅटरी तोडली, कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार रेझिस्टरमधून उतरवला, नळी काढून ठेवली आणि बोर्ड पुन्हा चालू केला. टिकटिक थांबली नाही. सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सने (सोल्डर नीट चिकटावा म्हणून वापरायच्या चिकट द्रव्याने) हवेतील ओल धरली होती आणि त्यावरून उच्च दाबाच्या ट्रॅककडून (बोर्डावरील तांब्याच्या पट्टीकडून) ग्राउंडकडे सूक्ष्म गळती होत होती.

म्हणून या तिसऱ्या बोर्डावर त्या दोन ट्रॅकांमध्ये आरपार खाच कापली आहे. सोल्डरची टोके गोल केली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड धुतला व वाळल्यावर इन्सुलेटिंग वार्निश दिले. नळीतील प्रवाह मर्यादित ठेवणारा 5.1 मेगाओहमचा अॅनोड रेझिस्टरही आता नळीच्या अगदी लगत आहे, कारण मधल्या लांब ट्रॅकची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) प्रत्येक स्पंदाबरोबर नळीतून नाहक अधिक विद्युतभार वाहवते.

आता खोलीत मिनिटाला साधारण 20 स्पंद येतात. एका मिनिटाच्या आकड्यात सहज चार-पाचांचा चढउतार असतो, त्यामुळे मी दहा मिनिटे मोजतो. 200 स्पंदांत तो चढउतार 14 च्या आसपास, म्हणजे सात टक्के उरतो. पोटॅश खताची पिशवी नळीला टेकवली की त्यातील पोटॅशियम-40 मुळे मोजणी स्पष्टपणे वाढते आणि दूर नेली की पूर्वपदावर येते.

काल रात्री बाहेर पाऊस सुरू असताना नळी काढून बोर्ड चालू ठेवला होता. सकाळी पडद्यावर शून्य होते.