लायबेरिया: बंदुका जमा झाल्यानंतर

आज एकाच देशाविषयी बोलायचं आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाविषयी. १९८९ ते २००३ या काळात या देशानं दोन यादवी युद्धं सोसली. ऑगस्ट २००३ मध्ये अध्यक्ष चार्ल्स टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेले आणि १८ तारखेला घानात, आक्रा इथे शांतता करार झाला. १ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेनं शेजारी देशांच्या फौजेकडून सूत्रं घेतली. मंजुरी होती १५,००० सैनिकांची.

पहिली चूक दोन महिन्यांतच झाली. ७ डिसेंबरला राजधानी मोन्रोव्हियाजवळच्या शेफेलिन छावणीत लढवय्यांकडून पैशाच्या बदल्यात शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली, तेव्हा मंजूर सैन्यापैकी निम्मंही पोहोचलं नव्हतं. तयारी थोड्या लोकांची होती आणि दारात हजारो उभे राहिले. पैसे कधी, किती, कोणाला, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. दंगल उसळली, माणसं मेली, काम डिसेंबरातच थांबवावं लागलं. एप्रिल २००४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण या वेळी आधी सैन्य पोहोचवलं, मग ग्बार्नगा, ब्युकॅनन, टबमनबर्ग अशा वेगवेगळ्या ठिकाणी छावण्या उघडल्या. हाच क्रम पहिल्या दिवशी पाळता आला असता. घाई करणाऱ्यांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो, पण त्या घाईची किंमत लोकांनी जिवानं मोजली.

आता नियम बघा. बंदूक किंवा १५० काडतुसं आणा, नाव नोंदवा, दोन हप्त्यांत ३०० डॉलर घ्या. बायका आणि मुलांना शस्त्राची अट नव्हती, आणि ते योग्यच होतं, कारण स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, जबरदस्तीनं पळवून नेलेली माणसंही त्या टोळ्यांचाच भाग होती. गोंधळ काडतुसांनी केला. टोळीचे म्होरके आपल्या ओळखीच्यांना मूठमूठ काडतुसं वाटायचे, रांगेत उभं करायचे आणि मिळालेल्या पैशातला वाटा कापून घ्यायचे. सुरुवातीचा अंदाज ३८,००० लढवय्यांचा होता, नोंद झाली सुमारे १,०३,००० लोकांची आणि हाती आली जेमतेम २८,००० शस्त्रं. म्हणजे जवळपास चार माणसांमागे एक.

इथे पैसा कोणत्या खिशातून येतो हे समजून घ्यावं लागतं. शांतिसेनेचा खर्च सर्व सदस्य देशांवर ठरलेल्या प्रमाणात बसतो, तो द्यावाच लागतो. लढवय्यांना शिक्षण, धंदा, रोजगार मिळवून देण्याचं काम मात्र मुख्यतः देणगीदार देशांच्या मर्जीवर चालतं. बंदूक घेणारा हात भरलेला आणि काम देणारा हात रिकामा, अशी विचित्र स्थिती त्यातून होते. लायबेरियात यादी जवळजवळ तिप्पट झाली आणि पुनर्वसनाचा निधी अपुरा पडला. प्रशिक्षण २००९ पर्यंत रेंगाळत चाललं. सुतारकाम, गवंडीकाम शिकलेल्या तरुणाला गावात बांधकामच नसेल तर तो मिळालेली अवजारं विकून मोकळा होतो. गथ्रीचा रबराचा मळा माजी लढवय्यांनी बळकावला होता, तो सरकारला शांतिसेनेच्या मदतीनं २००६ मध्ये परत घ्यावा लागला. ज्यांना उत्पन्न नव्हतं त्यांनी उत्पन्नाची जागाच धरली होती.

दुसरा भाग तिजोरीचा. हंगामी सरकारच्या काळात इतका पैसा गळत होता की देणगीदारांनी सप्टेंबर २००५ मध्ये एक करार करायला लावला. मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, वनखातं, तेलकंपनी अशा कमाईच्या जागी परदेशी तज्ज्ञ बसले, आणि लायबेरियन अधिकाऱ्याबरोबर त्यांचीही सही झाल्याशिवाय पैसा हलणार नाही असं ठरलं. सार्वभौमत्वाला हा धक्का होता यात शंका नाही. तरीही माझ्या मते तो त्या घडीला आवश्यक होता, कारण लाकूड आणि हिरे विकूनच युद्धाचा खर्च भागवला गेला होता. जानेवारी २००६ मध्ये अध्यक्ष झालेल्या एलन जॉन्सन सरलीफ यांनी ही व्यवस्था चालू ठेवली, जुने जंगलतोडीचे परवाने सरसकट रद्द केले आणि हातात रोकड असेल तेवढाच खर्च, हा नियम लावला. संयुक्त राष्ट्रांनी घातलेले लाकडावरचे निर्बंध २००६ मध्ये उठले, हिऱ्यांवरचे २००७ मध्ये. जून २०१० मध्ये सुमारे ४६० कोटी डॉलरचं कर्ज माफ झालं. हिशेबाची शिस्त दाखवल्याशिवाय ही माफी मिळणारच नव्हती. परदेशी तज्ज्ञाच्या या दुसऱ्या सहीची मर्यादाही सांगतो. तिनं एका टेबलावरची चोरी अडते, पण शेजारच्या टेबलावरचा कारकून हिशेब शिकत नाही. तज्ज्ञ गेल्यावर काम करायला लेखापरीक्षण खातं लागतं, आणि ते उभं राहायला वर्षं लागतात.

पोलीस दलाविषयी थोडक्यात. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची सबंध तुकडी तिथे गेली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही अशी पहिलीच. ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत पाळीपाळीनं तिथे राहिली.

वीज मात्र सगळ्यांत शेवटी आली. मोन्रोव्हियाजवळचं माउंट कॉफी जलविद्युत केंद्र १९९० मध्ये उद्ध्वस्त झालं होतं. जुलै २००६ मध्ये राजधानीत काही रस्त्यांवर दिवे लागले ते जनरेटरवर. धरणाची यंत्रं पुन्हा फिरली डिसेंबर २०१६ मध्ये, युद्ध संपून तेरा वर्षं झाल्यावर. ८८ मेगावॉटची क्षमता उभी राहिली, पण ती वीज घरात न्यायला तारा, खांब आणि मीटर पुरेसे नव्हते. केंद्र बांधायला देणगीदार पुढे आले होते. वाडीवस्तीवर खांब रोवण्याचं काम संयुक्त राष्ट्रांची मोहीम ३० मार्च २०१८ ला आवरली तेव्हाही अपुरंच होतं.