शब्दाच्या टोकाचा ‘ई’

(दृश्य : प्राथमिक शाळेतला फळा. त्यावर सी, ए, पी ही तीन इंग्रजी अक्षरे. शिक्षिका त्यांच्यापुढे ई लिहितात.)

सी, ए आणि पी या तीन अक्षरांचे आवाज डावीकडून उजवीकडे जोडले की ‘कॅप’ हा शब्द तयार होतो आणि थोड्या सरावानंतर लहान मुलांना तो वाचता येतो. त्याच शब्दापुढे ई लिहिला की मात्र तो ‘केप’ होतो. नव्याने आलेले अक्षर स्वतः काहीच बोलत नाही, पण दोन घरे मागे बसलेल्या ए चा आवाज बदलून टाकते. आतापर्यंत प्रत्येक अक्षराला निदान एक आवाज असतो, असे मानून वाचणाऱ्या मुलासाठी हा मोठा बदल असतो, कारण आता तोंड उघडण्यापूर्वी डोळ्यांनी शब्दाचे टोक पाहून यावे लागते. सायलेंट ई शिकवण्यातली खरी अडचण हीच आहे, आणि नुसता नियम पाठ करून घेतल्याने ती सुटत नाही.

हा न बोलणारा ई एकेकाळी बोलत होता. चौदाव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत आजच्या ‘नेम’ या शब्दाचा उच्चार साधारणपणे ‘नामे’ असा दोन अवयवांचा (ना-मे) होता. पुढे शेवटचा स्वर बोलण्यातून झिजत गेला, आणि त्यानंतरच्या काही शतकांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चारही सरकत गेले, त्यामुळे ‘ना’चा ‘ने’ झाला. उच्चार बदलले तरी लेखनातला ई टिकला, आणि आधीचा स्वर कसा वाचायचा याची खूण म्हणून त्याचा उपयोग होऊ लागला. लंडनमधील शाळाप्रमुख रिचर्ड मल्कास्टर यांनी 1582 साली इंग्रजी लेखनाविषयी लिहिलेल्या पुस्तकात शब्दान्तीच्या या ई च्या कामाची सविस्तर चर्चा केलेली आढळते.

(दृश्य : इंग्लंडमधील वर्ग. कागदाच्या पट्टीवर शब्द. टोकाची घडी उघडली की ई दिसतो.)

इंग्लंडमध्ये आज हा धडा साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलांना दिला जातो. तेथील पद्धतीत ए आणि ई ही मिळून एकाच आवाजाची जोडी मानली जाते. फक्त त्या जोडीच्या मधोमध एक व्यंजन येऊन बसलेले असते. 2012 पासून तेथे पहिलीच्या अखेरीस घेतल्या जाणाऱ्या वाचन-तपासणीत मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात आणि त्यांतले वीस शब्द मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. मूल शब्द आठवणीने ओळखते आहे की अक्षरांवरून खरोखर वाचते आहे, हे त्यावरून कळते. एन-आय-बी-ई असा कोणताही अर्थ नसलेला शब्द जे मूल ‘नाइब’ असा वाचते, त्याला ई चे काम समजले आहे, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडच्या शिक्षकांनी ही युक्ती जरूर उचलावी; तिला खडूखेरीज काही लागत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे येथील मूल देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्या जवळजवळ एकाच वेळी शिकत असते. ‘केळे’, ‘नाणे’, ‘गाणे’ या शब्दांतला शेवटचा ए स्पष्ट उच्चारायचा असतो, आणि इंग्रजीतल्या ‘पेन’मध्ये ई चा आवाज ए असा ऐकू येतो. अशा मुलाने ‘नेम’ हा शब्द ‘नॅमे’ असा वाचला, तर तो हलगर्जीपणा नव्हे; आपल्याजवळ असलेले ज्ञान त्याने प्रामाणिकपणे वापरलेले असते.

दुसरा घोटाळा मात्र मोठ्यांकडून होतो. ‘शेवटी ई आला की आधीचा स्वर दीर्घ होतो’ हे वाक्य इंग्रजीच्या परंपरेला धरून आहे, पण मराठी मुलाला दीर्घ म्हणजे इ ची ई आणि उ चा ऊ एवढेच माहीत असते. ते ‘पिन’चे ‘पीन’ करणार, ‘पाइन’ करणार नाही. त्याऐवजी ‘ते अक्षर आता स्वतःचे नाव सांगते’ असे म्हटले, तर ए, आय, ओ आणि यू ही तोंडपाठ असलेली नावेच त्याच्या उपयोगाला येतात. मग ‘किट’चे ‘काइट’, ‘हॉप’चे ‘होप’ आणि ‘कट’चे ‘क्यूट’ कसे होते, हे त्याचे त्यालाच दिसते.

मराठी मुलाकडे एक शिदोरीही असते, आणि तिचा उपयोग वर्गात फारच कमी केला जातो. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी येते, पण तिचा उच्चार क च्या नंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार य च्या डोक्यावर बसतो, पण बोलताना य च्या आधी येतो. म्हणजे कागदावरची जागा आणि बोलण्यातला क्रम वेगळा असू शकतो, हे त्याने एका लिपीत आधीच स्वीकारलेले असते. शिवाय केक, प्लेट, गेम, लाइन, बाइक, फोन आणि ट्यूब हे शब्द त्याच्या घरात रोज बोलले जातात. या ओळखीच्या शब्दांपासून धडा सुरू केला, तर उच्चार आणि अर्थ दोन्ही हाताशी असतात, आणि मुलाचे सगळे लक्ष लेखनाकडे राहते.

(दृश्य : मुले शब्दपट्ट्या दोन खोक्यांत वाटून ठेवत आहेत.)

तीन अक्षरी साधे शब्द न अडखळता वाचता येईपर्यंत हा धडा सुरू करू नये. सुरू केल्यावर आधी फक्त ए असलेले शब्द घ्यावेत, त्यानंतर आय आणि ओ, आणि मग यू. मधला स्वरही ई असलेले शब्द सुरुवातीच्या वाचनात इतके थोडे आहेत की ते शेवटी घेतले तरी चालतात. एका स्वराचे शब्द जमले की ई असलेले आणि नसलेले शब्द मिसळून द्यावेत, कारण सलग दहा शब्दांना ई असेल, तर मूल टोक पाहणेच सोडून देते आणि आपल्याला मात्र ते शिकले असे वाटते.

अपवाद लपवू नयेत. अमेरिकेत थिओडोर क्लायमर यांनी 1963 मध्ये प्राथमिक वाचनपुस्तकांतले शब्द तपासले, तेव्हा शेवटच्या ई चा नियम सुमारे 63 टक्के शब्दांनाच लागू पडलेला आढळला. ‘हॅव’, ‘गिव’, ‘लव’, ‘कम’, ‘सम’ आणि ‘डन’ हे अगदी रोजचे शब्द नियमाबाहेर आहेत. त्यांपैकी काहींचे कारण सांगता येते: इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाही, म्हणून तेथे ई केवळ शेवट करण्यासाठी येतो. ‘डान्स’ आणि ‘लार्ज’मध्ये त्याचे काम आणखी निराळे आहे, तेथे तो सी ला ‘स’ आणि जी ला ‘ज’ करतो. सहा वर्षांच्या मुलाला ही सगळी कारणमीमांसा ऐकवण्याची गरज नाही, पण शिक्षकाला ती ठाऊक असावी. मुलाला एवढे पुरे, की आधी नाव लावून वाचून पाहावे, आणि तसा शब्द कानाला ओळखीचा वाटला नाही तर दुसरा आवाज लावावा.

लेखनाचा प्रश्न दुसरी-तिसरीत उभा राहतो. ‘होप’ला ‘इंग’ जोडताना शेवटचा ई गळतो, आणि ‘हॉप’ला जोडताना पी दोनदा लिहावा लागतो. ई गेल्यावर ‘होपिंग’मधला ओ आपले नाव कसे सांगतो, असे एखादे मूल हमखास विचारते. त्या वेळी दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. एका पी च्या पलीकडचा आय आता ई चे काम करतो आणि दोन पी मध्ये आले की त्याचा परिणाम ओ पर्यंत पोचत नाही, हे मुलांना बोट ठेवून दाखवता येते.