बटन बंद, इंजिन चालूच

नमस्कार मंडळी. पऱ्हाटीवरची फवारणी उरकली, पाठीवरच्या पेट्रोल पंपाचं बटन बंद केलं, तरी इंजिन भकभक करत चालूच. प्लगला ठिणगी नाही, मग पेट्रोल पेटवतं कोण? उष्णता. कधी हेडमधला कार्बन लाल झालेला असतो, कधी मागं राहिलेला गरम धूरच पेट्रोल-हवेचं नवं मिश्रण पेटवतो. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करा, चोक पूर्ण ओढा. आणि पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजानं ओतू नका. पुस्तिकेत 25 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल असेल, तर लिटरला 40 मिली, मापानं. हो, फवारताना तोंडाला नुसता दुपट्टा चालत नाही, मास्क लावा.

तर हा मागं राहिलेला धूर. जपानच्या ओनिशी आणि सहकाऱ्यांनी 1979 साली दाखवलं, की आपल्या पंपासारख्या टू-स्ट्रोकमध्ये तो नीट वापरला तर कमी भारावर ठिणगीशिवाय मिश्रण शांतपणे पेटतं. मग होंडानं काय करावं? 402 सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल बनवली, धूर बाहेर पडायच्या वाटेवर एक झडप बसवली आणि 1995 च्या ग्रॅनाडा-डाकार रॅलीत उतरवली. वाळवंट, मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्या, आणि मधे ही टू-स्ट्रोक! झडप थोडी मिटली की गरम धूर आत जास्त राहतो, मिश्रण लवकर पेटतं. उघडली की उशिरा. आयडलिंगला आणि पूर्ण रेसवर ठिणगी, मधल्या टप्प्यात आपोआप पेट. गाडी एकूण पाचवी आली!

आता मुद्दा: पेटायची वेळ. साध्या पेट्रोल इंजिनात ती ठिणगी ठरवते, डिझेलमध्ये नोझल. आपोआप पेटणाऱ्या इंजिनात दोन्ही नाही, वेळ ठरवते उष्णता. पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळल्यावर क्रँक पाच ते दहा अंश फिरेपर्यंत (एक फेरी म्हणजे 360 अंश) अर्धं मिश्रण जळालेलं हवं. मिनिटाला 1500 फेऱ्या असतील तर एक अंश म्हणजे सेकंदाचा 9000 वा भाग! लवकर पेटलं तर वर येणाऱ्या पिस्टनलाच फटका, टकटक, रिंगा गेल्या. उशिरा पेटलं तर मिसफायर.

आणि आपली हवा? डिसेंबरची पहाट 10 अंश, मे महिन्यात चंद्रपूरची दुपार 45. हा 35 अंशांचा फरक सिलिंडरमध्ये हवा 14 ला 1, म्हणजे चौदाव्या भागात दाबल्यावर सुमारे 90 अंशांचा होतो. हिवाळ्यात जुळवलेली वेळ उन्हाळ्यात पुढं सरकते, इंजिन ठोकू लागतं. म्हणून माझदा या जपानी मोटार कंपनीनं 2019 च्या इंजिनात प्लग ठेवलाच: ठिणगीनं छोटी ज्योत, ज्योतीचा दाब उरलेल्या मिश्रणावर, आणि मग ते आपोआप पेटतं.