अटलांटाची बेल्टलाइन: रस्ता चालायचा, पैसे कुणाचे?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज थोडं पैशाबद्दल बोलूया, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर लोकांना चालायला, सायकल चालवायला रस्ता करायचा तर तो खर्च नक्की कोण करतं. अमेरिकेत अटलांटात राहणाऱ्या मंडळींना बेल्टलाइन, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेच्या जागेवरचा तो रस्ता, सांगायला नको, गावाकडून आई-बाबा आले की आपण त्यांना पहिल्या आठवड्यात तिथेच फिरायला नेतो. पण तिच्यामागचा हिशोब फार कमी लोकांना माहीत असतो, आणि मला विचाराल तर खरी गंमत त्या हिशोबातच आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या यादवीनंतर अटलांटा शहराभोवती वेगवेगळ्या कंपन्यांनी मालगाड्यांचे रूळ टाकले, चार तुकडे मिळून साधारण ३५ किलोमीटरचा गोल होतो. मग ट्रक आले, हायवे आले, कारखाने बंद पडले आणि रुळांवर कुड्झू नावाची वेल माजली, ती एकदा पसरली की खालचं काही दिसत नाही. १९९९ साली रायन ग्रॅव्हेल नावाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने आपल्या मास्टर्सच्या थीसिसमध्ये मांडलं की ह्या गोलावरून ट्राम चालवा आणि आजूबाजूच्या ४५ वस्त्या जोडा. ट्रेल (म्हणजे चालायचा, सायकलचा रस्ता) आणि बागा त्यात नंतर आल्या बरं का, मूळ कल्पना ट्रामची होती. कॅथी वूलर्ड नावाच्या नगरसेविकेने ती उचलून धरली, गल्लोगल्ली मीटिंगा झाल्या, लोकांनी डोक्यावर घेतली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे रेल्वेची जमीन म्हणजे सरकारची जमीन (यवतमाळच्या खासगी मालकीच्या शकुंतला रेल्वेसारखा एखादा अपवाद सोडून द्या), तिथे तसं नाही, मालगाडीच्या कंपन्या खासगी, त्यामुळे बंद पडलेली लाइन सुद्धा रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागते. आणि शहराची पालिका अशी लाइन विकत घेणार याची नुसती कुणकुण लागली की काय होतं ते कुणालाही सांगायला नको. २००४ च्या सुमारास एका बिल्डरने ईशान्येकडचा तुकडा रेल्वे कंपनीकडून साधारण अडीच कोटी डॉलरला घेतला, त्याला तिथे टॉवर बांधायचे होते, लोकांनी विरोध केला, ते काही झालं नाही, आणि २००७ मध्ये तोच तुकडा बेल्टलाइनसाठी घेतला गेला तेव्हा किंमत झाली साधारण ६ कोटी ६० लाख. मधल्या काळात त्या जागेवर काय झालं? काहीही नाही. कुड्झूच वाढली.

मग एवढे पैसे आणायचे कुठून? २००५ च्या शेवटी शहराने नकाशावर गोलाच्या आजूबाजूची साधारण साडेसहा हजार एकर जागा आखून घेतली आणि ठरवलं की आज इथून जेवढा प्रॉपर्टी टॅक्स येतोय तेवढा नेहमीसारखा तिजोरीत जाईल, पण पुढची २५ वर्षं त्याच्यावर जो वाढीव टॅक्स येईल तो बेल्टलाइनचा. उदाहरणार्थ, एखाद्या पडक्या गोडाऊनचा टॅक्स आज हजार डॉलर आहे आणि उद्या तिथे फ्लॅट झाले, टॅक्स वीस हजार झाला, तर वरचे एकोणीस हजार प्रोजेक्टला. ह्याला तिथे टॅक्स अलोकेशन डिस्ट्रिक्ट म्हणतात, सगळे नुसतं टॅड म्हणतात. आणि हे वाढीव पैसे यायच्या आधीच त्यांच्या भरवशावर बॉण्ड काढायचे, म्हणजे कर्ज आज आणि कमाई पुढे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, तसंच काहीसं. पण खरं सांगायचं तर कल्पना हुशारीची आहे, कुणाचाही टॅक्स न वाढवता पैसे उभे राहतात, निदान कागदावर.

कागदावरून जमिनीवर आलं की मात्र घोळ सुरू. तिथे प्रॉपर्टी टॅक्सचा एक भाग शाळांसाठी असतो, आणि त्या वाढीव टॅक्समध्ये सगळ्यात मोठा वाटा शाळांचाच होता. एका वकिलाने केस टाकली की शाळेच्या नावाने घेतलेला पैसा ट्रेलला कसा वापरता, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राज्यघटनेत बसत नाही म्हणून. मग घटनाच बदलायची ठरली! नोव्हेंबर २००८ मध्ये, ओबामांच्या निवडणुकीच्या दिवशीच, अख्ख्या राज्यात त्यावर मतदान झालं आणि लोकांनी परवानगी दिली. तोवर इकडे मंदी आली होती, घरांच्या किमती कोसळलेल्या, आणि किंमतच वाढली नाही तर वाढीव टॅक्स कुठून येणार, त्यामुळे अंदाज आणि प्रत्यक्ष जमा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. शाळांना त्यांच्या वाट्याच्या बदल्यात दरवर्षी ठराविक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं तेही रखडलं, शाळा बोर्ड आणि शहर ह्यांच्यात चांगलं वाजलं, २०१६ मध्ये कशीबशी तडजोड झाली.

ह्या काळात जे काम दिसलं ते बरंचसं देणग्यांवर आणि इकडून तिकडून जमवलेल्या पैशांवर. ऑक्टोबर २०१२ मध्ये ईस्टसाइड ट्रेलचा पहिला तुकडा उघडला, पीडमाँट पार्कपासून इनमन पार्कपर्यंत, साडेतीन किलोमीटर पेक्षा थोडा जास्त, आणि लोकांची नुसती झुंबड. तिथे सीअर्स नावाच्या दुकानवाल्या कंपनीची १९२६ सालची अवाढव्य विटांची बिल्डिंग आहे, एकेकाळी मालगाडी तिच्या दारापर्यंत यायची, आता ट्रेलवरून थेट आत शिरायचं, दुकानं, खाणं, वर महागडे फ्लॅट, नाव पॉन्स सिटी मार्केट. तिच्याजवळच क्रोगर कंपनीचं एक किराणा सुपरमार्केट होतं, १९९१ मध्ये त्याच्या पार्किंगमध्ये खून झाला होता म्हणून सगळं गाव त्याला 'मर्डर क्रोगर' म्हणायचं, कंपनीने शेवटी शेवटी स्वतःच 'बेल्टलाइन क्रोगर' असं बारसं करून पाहिलं, लोक कसले ऐकतायत! २०१६ मध्ये ते पाडलं आणि तिथे काचेचं ऑफिस उभं राहिलं.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं येतं, जरा नीट ऐका. ह्या योजनेत पैसा येतो तो फक्त जागेची किंमत वाढली तरच. म्हणजे आजूबाजूची घरं महाग होणं हा ह्या प्रोजेक्टचा साइड इफेक्ट नाही, तेच त्याचं इंधन आहे. मग भाड्याने राहणारी माणसं, विशेषतः दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली, त्यांनी जायचं कुठे? कबूल केलं होतं की टॅडच्या बॉण्डमधले १५ टक्के परवडणाऱ्या घरांना, आणि २०३० पर्यंत ५,६०० घरं. पण बॉण्डच कमी निघाले तर १५ टक्के कशाचे काढणार? सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रॅव्हेलने, ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्यानेच, घरांच्या प्रश्नावर नाराज होऊन बेल्टलाइनसाठी देणग्या जमवणाऱ्या संस्थेच्या बोर्डाचा राजीनामा दिला. त्याच्याबरोबर आणखी एका सभासदानेही दिला.

माझं सरळ मत आहे की क्रम उलटा झाला. जागा मातीमोल होती तेव्हा, म्हणजे ट्रेल व्हायच्या आधी, घरांसाठी प्लॉट घेऊन ठेवायला हवे होते. पण टॅडचा पैसा येतोच भाव चढल्यावर, म्हणजे स्वस्तात घ्यायच्या वेळी खिसा रिकामा आणि खिसा भरला तेव्हा भाव गगनाला. हे कुणाच्या बेइमानीमुळे झालं असं मी म्हणत नाही, योजनेची रचनाच तशी आहे.

नंतर बेल्टलाइनवाल्यांनी पैशासाठी दुसरे दरवाजे ठोठावले. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी सेल्स टॅक्स थोडा वाढवायला मतदान केलं (२०१२ मध्ये असाच प्रस्ताव लोकांनीच पाडला होता, पण तो अख्ख्या महानगराचा होता), आणि त्यातून दक्षिणेकडची लाइन सीएसएक्स कंपनीकडून २०१८ मध्ये साधारण २ कोटी ६० लाखांना घेतली. २०२१ मध्ये बेल्टलाइनलगतच्या दुकानं, ऑफिसं आणि भाड्याच्या मोठ्या बिल्डिंगांवर जादा टॅक्स बसवला, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना त्यातून वगळलं, आणि ते मला पटतं, ज्याला ट्रेलमुळे गिऱ्हाईक मिळालं त्याने चार पैसे द्यावेत की! त्याच वर्षी वुडरफ फाउंडेशनने ८ कोटी डॉलर द्यायचं जाहीर केलं, ती कोकाकोलाच्या पैशातून उभी राहिलेली संस्था. त्या दोन गोष्टी झाल्या तेव्हा कुठे २०३० पर्यंत अख्खा गोल पुरा होईल असं छातीठोक बोलायला लागले.

ट्राम मात्र अजून कागदावरच. ईस्टसाइडला ट्राम नको असं म्हणणाऱ्यांत आता ट्रेलला लागून राहणारे, तिथे धंदा करणारे लोकही आहेत, आणि २०२५ मध्ये मेयरनीही त्या भागातल्या ट्रामचा पाठिंबा काढून घेतला.

आता टॅडची २५ वर्षं संपत येतायत आणि मुदत वाढवायची चर्चा सुरू आहे. त्यासाठी शहर, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आणि शाळा बोर्ड तिघांची संमती लागते. शाळा बोर्डाचे हात एकदा पोळलेत, त्यामुळे ह्यावेळी ते सहीच्या आधी काय काय लिहून घेतात ते बघायचं. अटलांटातल्या आपल्या मंडळींनो, बोर्डाच्या मीटिंगा सगळ्यांसाठी खुल्या असतात, तुमची मुलं त्याच शाळांत जात असतील तर एखाद्या मीटिंगला जाऊन बसा. चला, आज एवढंच. नमस्कार.