किनाऱ्यावरचे कॉम्प्रेसर आणि ॲक्टिव्ह फिल्टर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि मासळी उतरू लागते, त्याच्या कितीतरी आधीपासून परिसरातल्या बर्फ कारखान्यांतील आणि शीतगृहांतील कॉम्प्रेसर चालू असतात. अलीकडे या मोटारींचा वेग गरजेप्रमाणे बदलण्यासाठी व्हीएफडी (मोटारीला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलणारे उपकरण) बसवतात. त्याने वीज वाचते हे खरेच. परंतु हे उपकरण प्रवाह सलग न ओढता तुटक झटक्यांनी ओढते, त्यामुळे ५० हर्ट्झच्या मूळ तरंगात २५० आणि ३५० हर्ट्झचे, म्हणजे पाचवे आणि सातवे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट आणि सातपट वारंवारतेचे तरंग) मिसळतात.

याचा पहिला मार ट्रान्सफॉर्मरला बसतो. वाइंडिंगमधील एडी करंटमुळे, म्हणजे धातूत उमटणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांमुळे, उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच अँपिअरचा पाचवा हार्मोनिक ही हानी २५ पट करतो. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटर बँकेची (कपॅसिटरच्या संचाची) स्थिती त्याहून बिकट असते. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांचा अनुनाद (दोघांची मिळून असलेली नैसर्गिक वारंवारता) एखाद्या हार्मोनिकशी जुळला, तर तोच हार्मोनिक फोफावतो, आणि पॅनेल उघडल्यावर फुगलेले डबे व उडालेले फ्यूज दिसतात. अशा ठिकाणी आणखी कपॅसिटर जोडणे म्हणजे दुखणे वाढवणेच होय.

यावर उपाय म्हणजे ॲक्टिव्ह फिल्टर. तो भाराला, म्हणजे वीज ओढणाऱ्या यंत्रांना, समांतर जोडतात. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) प्रवाह मोजतात, प्रोसेसर त्यातून ५० हर्ट्झचा भाग वेगळा काढतो, आणि उरलेल्या विकृतीच्या, म्हणजे हार्मोनिकच्या, नेमका उलट प्रवाह आयजीबीटी (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत, डीसी कपॅसिटरच्या आधाराने घडवतात. ही विकृती मग फिल्टर आणि भार यांच्यातच फिरते. ट्रान्सफॉर्मरपर्यंत तिचा फारच थोडा अंश पोहोचतो. या गणिताचा पाया जपानच्या हिरोफुमी अकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या तात्कालिक शक्तीच्या सिद्धांताने घातला. मासळीच्या आवकेप्रमाणे भार तासातासाला बदलत असला, तरी फिल्टर त्याच्यासोबत बदलतो, हे त्याचे खरे बळ आहे.

मात्र पावसाळ्यात लाइन तुटून वीज गेली, तर हा फिल्टर काहीही करू शकत नाही. खारी, दमट हवा त्याच्या सर्किट बोर्डांना कुरतडते. म्हणून बोर्डांवर संरक्षक लेप आणि पॅनेलला बंद, कोरडी खोली हवीच. जोडणीत एखादी सीटी उलटी बसली, तर फिल्टर विकृती घटवण्याऐवजी तिच्यात भर घालतो. त्यामुळे तो चालू करण्यापूर्वी तिन्ही फेजवरील सीटीची दिशा आणि नंतर पूर्ण भारावर टीएचडी (मूळ तरंगाच्या तुलनेत एकूण हार्मोनिक विकृती) मोजून पाहणे अनिवार्य आहे.