रक्त येत नाही, म्हणून हिरडी बरी?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात दादर स्टेशनाजवळ राहणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. गाडी पकडण्याआधी टपरीवर कटिंग आणि सिगरेट, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. म्हणाले, "डॉक्टर, दाढ हलतेय, पण ब्रश करताना रक्ताचा थेंब नाही. मग पायरिया कसा?"

दात आणि हिरडी यांच्या फटीत आम्ही खुणा असलेली बारीक सळई घालतो. निरोगी हिरडीत ती फार तर 3 मिलिमीटर आत जाते. त्यांच्या दाढेपाशी ती 7 मिलिमीटर गेली.

सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, हा शरीराने दिलेला इशारा. बिडी-सिगरेटने तो दबतो. हिरडी वरून फिकट, घट्ट दिसते आणि आत दाताभोवतीचं हाड झिजत राहतं. 2018 पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात तर दिवसाला 10 किंवा जास्त सिगरेटी ओढणाऱ्याचा हिरड्यांचा आजार सर्वांत वेगाने बिघडणाऱ्या गटात धरतात.

त्या खोल फटीत हवा पोचत नाही. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारख्या जंतूंना नेमकं तेच मानवतं. आम्ही मुळावरचं कीटण खरवडून काढतो. न ओढणाऱ्याच्या तोंडात मग निरुपद्रवी जंतू जागा धरतात आणि फट आखडते. ओढणाऱ्याच्या तोंडात जुनेच जंतू पुन्हा ठाण मांडतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही धुराने लुळ्या पडलेल्या असतात. एवढा खर्च, एवढ्या खेपा, आणि फट जेमतेम कमी होते. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून सिगरेट सोडणं हा मी उपचाराचाच भाग मानते.

त्या गृहस्थांनी सोडली. सरकारच्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकाची त्यांना मदत झाली. काही आठवड्यांनी घाबरून त्यांचा फोन आला, "आता रक्त येतंय हो!" सोडल्यावर असं होतं, श्रोतेहो. दबलेला इशारा परत येतो. त्या रक्ताला भिऊन पुन्हा पाकीट उघडू नका. ब्रश चालू ठेवा आणि आम्हाला दाखवायला या.

मार्चमध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा सळई 5 वर थांबली. झिजलेलं हाड काही भरून आलं नाही. पण दाढ अजून तोंडात आहे, आणि परवा त्यांनी मला सांगितलं की त्या बाजूने भाकरी चावता येते.